वेदीखालचे आजोबा

राइन नदीकाठच्या एका गावात एम्मेरिक नावाचे वृद्ध बिशप होते. भुकेल्या लेकरांसाठी सरदार रुडगरच्या जंगलातला ससा मारणारी विधवा गेर्लिंड फाशीच्या भीतीनं त्यांच्या चर्चमध्ये शिरली; तिथं आसरा घेणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पाठोपाठ तलवार उपसून सरदार आलाच.

“बाजूला व्हा, बिशपसाहेब! हे चर्च माझ्या आजोबांनी बांधलंय. इथं हुकूम माझा चालतो, देवाचा नाही.”

बिशप दारातून हलले नाहीत. “मग आधी आजोबांना घेऊन जा, सरदार. मरताना त्यांनी देवाचा आसरा मागितला, म्हणून आम्ही त्यांना वेदीखाली पुरलं. इथं देवाचं चालत नसेल, तर त्यांना तरी आसरा कसला?”

सरदाराचा चेहरा उतरला. त्यानं तलवार म्यान केली, आजोबांच्या थडग्याशी गुडघे टेकले आणि गेर्लिंडला माफी देऊनच तो उठला.