महापौरांची गाडी आणि ॲग्नेसचा थांबा

उत्तर कॅनडातल्या त्या छोट्या शहरात महापौरांनी भर सभेत ठणकावलं, "बसथांब्यांवरचे हीटर काढणार. दहा मिनिटं थंडी सोसली तर कुणी मरत नाही!"

कमलिनीबाईंना शेजारची म्हातारी ॲग्नेस आठवली. नवऱ्याला भेटायला ती रोज सभागृहासमोरच्या थांब्यावरून इस्पितळात जायची. त्या उठल्या.

"साहेब, बाहेर तुमच्या गाडीला विजेची वायर कशाला लावलीय?"

"इंजिन गोठतं. ते गरम ठेवायला इथे सगळेच लावतात."

"मग आमच्या ॲग्नेसलाही गाडीच समजा की!"

सभागृह खदखदून हसलं. महापौर ओशाळले. "राहू देत हीटर," म्हणाले.

सभेनंतर त्यांनी कमलिनीबाईंना विचारलं, "घरी सोडू?"

"नको. ॲग्नेस थांब्यावर एकटीच असेल."

महापौरांनी गाडीची वायर तशीच राहू दिली आणि बस येईपर्यंत ते थांब्यावरच्या हीटरपाशी दोघींशेजारी हात शेकत बसले.