पहिली चावी

“...मग टाकी निम्मी भरलेली असताना प्रसूतिगृहाच्या नळाला थेंब का नाही, आप्पा?”

विचारणारा अभियंता होता, पराग सोनटक्के. शहराच्या पाणीखात्यात नवा. सकाळपासून वीज गेलेली, नदीवरचे पंप मुके. टेकडीवरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी आपल्या वजनानं शहरात उतरत होतं.

रामलिंगआप्पांनी चाळीस वर्षं त्याच टाकीच्या चाव्या फिरवल्या होत्या. निवृत्त झाले तरी बसत टाकीच्या पायथ्याशीच.

“किती चाव्या उघडल्यास?”

“सगळ्या. पूर्ण. संकटात कुणाला कमी पडू नये म्हणून.”

“दानशूर आहेस.”

“पाणी वरून खाली येतं, त्याला वीज लागत नाही. एवढं शास्त्र मला कळतं, आप्पा.”

“खाली येतं ना? दवाखाना चढावर आहे.”

पराग चिडला. शिकलेल्या माणसाचा राग उतारावर पाण्याच्या आधी पोचतो.

“तिथं दोघी अडल्यात! उपाय सांगा, टोमणे नंतर मारा.”

आप्पांनी लांब लोखंडी चावी त्याच्या हातात दिली.

“सखल पेठा बंद कर. आधी तुझी. आम्हा चावीवाल्यांची रीतच आहे ती, पहिली चावी आपल्या दाराची.”

“माझी पेठ? ...आप्पा, आज घरी बहिणीचा साखरपुडा आहे. चाळीस पानं उठायचीत.”

“ठाऊक आहे. मलाही बोलावणं आहे.”

...

परागनं आपल्या पेठेच्या झडपेला चावी लावली. चौतीस वेढे. शेवटचे चार त्याला फार जड गेले. मग बाकीच्या सखल पेठा.

फोन वाजला. आईचा. तो नुसता ऐकत उभा राहिला. कान लाल झाले, पण चावी त्यानं हातातून सोडली नाही.

तासाभरानं प्रसूतिगृहातून निरोप आला. नळाला धार लागली होती.

पराग आप्पांसमोर खालीच बसला, मातीत.

“वीज नाही, पंप नाही. तीच टाकी, तेच पाणी, उलट आणखी कमी झालेलं. मग आप्पा, चढावर गेलं कशाच्या जोरावर?”

“आई काय म्हणाली?”

“...नाही नाही ते बोलली. मेल्या, आज दारात पाऊल टाकू नकोस म्हणाली.”

आप्पा उठले. धोतराची माती झटकली.

“त्याच जोरावर.”