एकेचाळीस सर्व्हरांची किल्ली

"...म्हणजे किल्ली मला मिळणार ना?" केतकीने विचारलं.

बाबालालचाचा मुजावर नुकतेच "किल्लीचं असं हाय, की..." एवढंच म्हणाले होते. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ते आपणच पुरं करायचं, ही केतकी हर्डीकरची लहानपणापासूनची खोड. बहुतेक वेळा ती बरोबरच पुरं करायची, त्यामुळे ती खोड मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

चाचांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक तावीज होता आणि तावीजाला लागून एक पेनड्राइव्ह. नदीच्या काठाने एकेचाळीस ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारे एकेचाळीस छोटे सर्व्हर होते, कुठे पुलाशेजारच्या खोलीत, कुठे बंधाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोपीत. त्या सगळ्यांची किल्ली त्या पेनड्राइव्हमध्ये होती. पाणी चढलं की सर्व्हर टेकडीवरच्या या केंद्राला कळवत, आणि केंद्र खालच्या गावांना. एखादा सर्व्हर मुका झाला, तर तेवढ्या गावांना पाणी दारात आल्यावरच कळायचं.

केतकीची मावशी अशाच एका गावात राहायची. मागच्या मोठ्या पुरात ती दोन दिवस कौलांवर बसून होती. केतकी बंगलोरची नोकरी सोडून इथे आली ती त्यासाठी. चाचा महिन्याअखेर निवृत्त होणार होते आणि ती किल्ली तिला हवी होती.

"त्याआधी काय करणार, त्ये सांग," चाचा म्हणाले.

केतकीने लॅपटॉप उघडला. "आज एकेचाळीस सर्व्हर एकेचाळीस तऱ्हेचे आहेत. मी प्रत्येकावर एक प्रोग्रॅम बसवणार. नाव ठेवलंय कारभारी. सर्व्हरची मांडणी कशी असावी, हे आपण इथे एकदाच लिहायचं. कारभारी ती तशी राखतो. कुणी बिघडवली तर पुन्हा तशी करतो. इथे एक शब्द बदलला, की एकेचाळीस ठिकाणी बदलेल."

"एक शबूद... एकेचाळीस ठिकानी," चाचा हळूच म्हणाले. त्यांना ते फार मोठं वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कारभाऱ्याचं सामान सगळ्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवलंय. आता बसवायची स्क्रिप्ट तेवढी लाइनवरून पाठवायची. चाळीस ओळी. एकेक ओळ पोचेल तशी सर्व्हर ती पाळत जातो. मोजणी थांबव, जुनं पुसून टाक, कारभारी बसव, मोजणी पुन्हा सुरू कर. संपलं!"

चाचांनी सगळ्या ओळी बोट ठेवून वाचल्या. त्यांना वेळ लागला. "ह्या सोळाव्या वळीचं मला..."

"ती फक्त साफसफाई आहे, चाचा."

"व्हय, पर लाइन जर..."

"लाइन स्लो आहे, माहितीय मला. चालतं तेवढं."

चाचांनी ओळीवरचं बोट उचललं.

त्यांची सगळी उमर या केंद्रात गेली होती. पहिली कैक वर्षं वायरलेसवर. वायरलेसवर बोलणाऱ्याने आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, आणि ते ऐकू येईतो पलीकडच्याने चूप बसायचं, असा रिवाज. पुढे कॉम्प्युटर आले, चाचा तेही शिकले, पण घरी बायकोला "मीठ कमी हाय, ओव्हर" असं सांगतात, अशी गावात त्यांची चेष्टा चाले. केतकीलाही ती पहिल्याच दिवशी कळली होती आणि ती खूप हसली होती.

"बेस," चाचा म्हणाले. "कोपऱ्यातला ह्यो बेचाळिसावा सर्व्हर चाचनीचा. तीस वर्सांच्या पातळ्यांची नक्कल हाय त्याच्यावर. त्याच्याकडं तुजी स्क्रिप्ट सोड..."

केतकीने एंटर दाबलं.

"...मी तारंपाशी जाऊन बसल्यावर," चाचांनी वाक्य संपवलं.

पहिली खेप अशी वाया गेली. केतकीच्या मते ती मुळीच वाया गेली नव्हती. स्क्रिप्ट पोचली, कारभारी बसला, मोजणी सुरू झाली.

"बघा. झालं."

"झालं," चाचांनी कबूल केलं. त्यांनी सर्व्हर होता तसा करून घेतला, भिंतीपाशी स्टूल ओढलं आणि लाइनच्या तारेवर हात ठेवून बसले. "आता सोड."

टेकडीवरची लाइन जुनी. अक्षरं एकेक करून जाताना डोळ्यांना दिसायची. निम्मी गेली असतील, तोच चाचांनी तार उपसली.

"चाचा! तार निघाली."

"निघाली न्हाई. काढली."

"पण का?"

"पुरात कोन काढतं?"

तिने सर्व्हरकडे पाहिलं. मोजणी थांबव, ही ओळ पोचली होती. पुन्हा सुरू कर, ही पोचली नव्हती.

"आता नदी किती चढली, ह्यो सांगंल?" चाचांनी विचारलं.

"नाही. पण लाइन आली की स्क्रिप्ट परत चालवायची, मग..."

"आन् तवर?"

केतकीला कौलांवर बसलेली मावशी आठवली. ती जरा फुरंगटलीच.

"सर्व्हर पयल्यावानी करून घे," चाचा म्हणाले. "पुन्यांदा सोड."

तिने सोडली. त्यांनी उपसली. पुन्हा सोडली, पुन्हा उपसली. कधी दोन ओळींनंतर, कधी अगदी शेवटाला. कधी काही बिघडायचं नाही, कधी मोजणी तेवढी बंद पडायची. केतकीने मध्येच डबा खाल्ला. चाचांनी नमाज पढून येऊन पुन्हा स्टूल गाठलं. विसाव्या खेपेला तिने तोंड वळवून जांभई दिली. म्हातारा आपल्याला किल्ली द्यायची टाळतोय, असं तिला आता नक्की वाटू लागलं होतं.

तेविसाव्या खेपेला चाचांनी तार उपसली, आणि सर्व्हरवरचा छोटा दिवा बराच वेळ फडफडत राहिला.

केतकीने तार पुन्हा जोडून घेतली आणि पातळ्यांचा कप्पा उघडायला घेतला... कप्पा नव्हता.

तिने पुन्हा शोधला. मग उठून स्वतः सर्व्हरपाशी जाऊन बसली आणि तिथून शोधला. तीस वर्षांची नदी त्या सर्व्हरवरून पुसली गेली होती.

"असं होणार नाही," ती म्हणाली. "मी असं लिहिलेलंच नाही!"

"काय लिवलंस? वाच. सोळावी वळ."

तिने वाचली. पुसून टाक, पातळी नावाचा कप्पा, त्यातला जुने नावाचा कप्पा. सर्व्हरच्या भाषेत बाहेरच्या कप्प्याचं नाव आधी येतं, आतल्याचं मागून. तार 'पातळी'पाशी तुटली होती. सर्व्हरने जेवढं ऐकलं तेवढं इमानाने केलं.

एकेचाळीस, ती मनात म्हणाली. मी हे एकेचाळीस ठिकाणी करणार होते.

"नक्कल हाय, पोरी," चाचा म्हणाले. "घाबरू नगंस."

तिने विचारलं, "तुम्हाला दिसली होती ही ओळ?"

"सकाळीच."

"मग इतक्या वेळा तार उपसण्यापेक्षा सांगितलं का नाहीत?"

"सांगत हुतो," चाचा म्हणाले. "दोनदा."

केतकीने मान खाली घातली. तिला आपली लाज वाटली, आणि अशी लाज वाटायची तिला सवय नव्हती.

खिडकीतून खाली नदीचं पात्र दिसत होतं. वैशाखातलं, निम्म्याहून अधिक वाळूच. वाळूत हिरवे पट्टे होते, कलिंगडांच्या वेलांचे.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं, चाचा?"

चाचाही तिकडेच बघत होते. "एका निरोपानं. वायरलेसवर आला. दोन दरवाजे उघडा, म्हनाला. आन् खरखर सुरू झाली. मी तसाच धरनावर पोचवला. तुज्याच वयाचा हुतो. पुढचं ऐकू यायला पाव तास लागला... सकाळी सहानंतर उघडा, पात्रात मानसं हायती."

केतकी वाळूतल्या त्या हिरव्या पट्ट्यांकडे बघू लागली.

"वेलांचा राखनदार बाभळीवर चढला म्हनून वाचला," चाचा म्हणाले. "कलिंगडं पार पुलापतुर गेली."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चाचांनी तिचीच स्क्रिप्ट उघडून ठेवली होती.

"म्या हात लावलाय," ते म्हणाले. "तीन वळी वाढवल्यात. आज तारंपाशी तू बस."

कोणत्या तीन ओळी, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

चाचांनी स्क्रिप्ट सोडली. केतकीने मध्यावर तार उपसली आणि सर्व्हर तपासला. मोजणी चालू होती. पातळ्या जागच्या जागी.

दुसऱ्यांदा सोळाव्या ओळीच्या आसपास उपसली. काही नाही. मोजणी चालू.

मग ती इरेला पेटली. ती हुशार होती आणि तिला त्या सर्व्हरला चुकवायचंच होतं. तिने अक्षरं मोजून बरोबर 'पातळी' या शब्दापाशी तार उपसली. आदल्या दिवशी ज्या जागी सगळं गेलं होतं, तीच जागा. पातळ्या होत्या तिथेच होत्या, पहिल्या सालापासून कालच्या संध्याकाळपर्यंत. दुपारपर्यंत तिने साठ वेळा तार उपसली. साठ वेळा सर्व्हरने हात बांधून सगळं ऐकून घेतलं आणि कशालाही बोट लावलं नाही.

कालचाच सर्व्हर, तिच्याच चाळीस ओळी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरी आज तो कुणी शहाणा माणूस बसावा तसा बसला होता.

"बघू का आता?" तिने विचारलं. चाचांनी मान डोलावली.

तिने स्क्रिप्ट उघडली. सगळ्यात वर एक ओळ होती. खाली येतंय त्या सगळ्याला मिळून एक नाव दिलंय, आत्ता फक्त ऐकून ठेव, असं सांगणारी. आणि महिरपी कंस उघडला होता. मग तिच्या चाळीस ओळी. मग एका ओळीवर कंस मिटवला होता. आणि अगदी शेवटी, एकट्याच्या ओळीत, ते नाव.

over.

तो शब्द पोचेपर्यंत काहीच घडत नव्हतं.

एक शेवटची खोडी तिला सुचली. तिने पुन्हा स्क्रिप्ट सोडायला लावली, आणि त्या शेवटच्या शब्दाचीच निम्मी अक्षरं गेल्यावर तार उपसली. सर्व्हरने आपल्या पडद्यावर कळवलं, असा शब्द मला माहीत नाही. आणि तो नदी मोजत राहिला.

"आता फुडं जाऊ दे," चाचा म्हणाले.

तिने जाऊ दिली. शेवटचं अक्षर गेलं, आणि त्याच क्षणी तिने तार उपसली.

आता मात्र सर्व्हर थांबला नाही. जोडलेलं काही नव्हतं, तार तिच्या मुठीत होती, आणि कोपऱ्यात तो एकटाच आपलं काम करत होता. मोजणी थांबली. जुनं गेलं, फक्त जुनंच. कारभारी बसला. मोजणी सुरू झाली. सगळं पाच-सहा श्वासांत.

तिने आयुष्यात शेकडो स्क्रिप्ट लिहिल्या होत्या, पण एखादीपुढे हात जोडावेत असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. आणि त्यातल्या चाळीस ओळी आपल्या आहेत, हे तिच्या लक्षातही राहिलं नाही.

चाचा टेबलापाशी येऊन बसले. त्यांनी गळ्यातला दोरा काढला, तावीज सोडवून खिशात ठेवला आणि पेनड्राइव्ह टेबलावर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर ठेवला.

"किल्ली घे..." ते म्हणाले, आणि थांबले.

केतकीचा हात हलला नाही.

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. खाली पुलापाशी एक एस.टी. थांबली, माणसं उतरली, एस.टी. गेली. भिंतीवरच्या पडद्यावर एकेचाळीस आकडे एकेक करून आले आणि ताजे झाले.

घे म्हणजे काय? आजच? की निवृत्तीच्या दिवशी? की घे, पण एका अटीवर? केतकीला पंचवीस तऱ्हांनी ते वाक्य पुरं करता आलं असतं. तिने एकाही तऱ्हेने केलं नाही. असं बसून राहणं तिला काही केल्या जड वाटेना. समोरचा माणूस बोलायचा थांबला, की त्याच्या गप्प बसण्यातही इतकं काही ऐकायचं असतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्याकडे पाहिलं. तिच्या न हललेल्या हाताकडे पाहिलं.

"...ओव्हर," ते म्हणाले.