खरवसाचं ताट

लिंबनाथ महाराज त्या वर्षी वाघोशीच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. गावची सुईण भिवाई रोज देवळाचं अंगण झाडायची आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून कामाला लागायची. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलं होतं, पण बाळंतिणीची खोली सोडली तर कुणाच्या घरात पाऊल टाकायची तिला चोरी!

देशमुखांच्या सुनेला, येसूला, मुलगा झाला. भिवाईने नाळ कापली, बाळ पुसलं आणि आईच्या छातीशी नेलं, तोच सासूबाई उमाबाई कडाडल्या, "खाली ठेव! आमच्यात तीन दिवस अंगावर पाजत नाहीत. तो पिवळा चीक जड असतो, पिळून टाकायचा. तोवर गुळपाण्याचा बोळा."

"बाईसाहेब, लेकराचा पयला घास हाय त्यो. महाराज बी म्हनत्यात..."

"तुझे महाराज कधी बाळंत झाले गं?" उमाबाई हसल्या, बाकीच्या बायकाही फिदीफिदी हसल्या. भिवाईला बाहेर काढलं. मोठ्या घरचं कसं बोलावं म्हणून तिने देवळातही तोंड उघडलं नाही.

तीन दिवस हा मूर्खपणा चालला. येसूचा चीक मोरीत जात होता. बाळ आधी रडलं, मग कण्हलं, मग गप्प झालं, तर बायका म्हणाल्या, "गुणी आहे हो!" तिसऱ्या दिवशी दुपटं कोरडं, ओठ कोरडे, डोळे उघडेनात. आता मात्र उमाबाईंना देव आठवला. घरची गाय नुकतीच व्यायली होती. केशर घातलेल्या खरवसाचं ताट घेऊन त्या महाराजांकडे आल्या आणि तीन दिवस बोळ्यावर असलेलं बाळ डोळे उघडत नाही म्हणून अंगारा मागू लागल्या.

महाराजांनी ताटाकडे पाहिलं. "वासराला पाजलंत ना आधी?"

"पाजलं तर! चीक मिळाला नाही तर वासरू दगावतं, महाराज."

"आणि नातवाला?"

उमाबाईंनी ताट तसंच पुढे सरकवलं. महाराज संतापले. "गाईच्या चिकाच्या वड्या पाडता, आणि नातवाच्या तोंडचा मोरीत ओतता! देवाने वाढलेलं पान ओढून घेतलंत, आता माझ्याकडे राख मागता? उचला ते ताट!" मग ते अंगणातल्या भिवाईकडे वळले. "आणि तू! सगळं ठाऊक असून तोंड शिवून बसलीस. चल!"

महाराज थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरले. बाळ निपचित पडलं होतं, ओढायचंही बळ नव्हतं. महाराजांनी त्याच्या टाळूवर हात ठेवला. "भिवाई, हात धू. स्वच्छ वाटीत पीळ आणि थेंब थेंब जिभेवर सोड."

पहिले थेंब गालावरून ओघळले. बायकांनी हंबरडा फोडला. "थांबू नकोस!" महाराज गरजले. "घे रे बाळा, तुझंच आहे ते!"

आणि काय सांगावं, ते निळसर ओठ हलले! एक घोट उतरला, मग दुसरा. घटकाभरात बाळ आईच्या छातीला लागलं आणि भिवाई रडू लागली.

उमाबाई महाराजांच्या पायांवर कोसळल्या. "चुकले, महाराज! येसूची पहिली मुलगीही चौथ्या दिवशी गेली. तिलाही मी बोळाच... आणि वर येसूलाच पांढऱ्या पायाची म्हटलं..."

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही," ते म्हणाले आणि त्यांनी खाटेकडे बोट केलं.

उमाबाईंनी सुनेच्या पायांवर डोकं टेकलं. येसू बाळाला पाजत राहिली. सासूला तिने उठा म्हटलं नाही.