बेहड्यातली बाळंतीण

कित्येक पिढ्या झाल्या या गोष्टीला. आमच्या पानेखोल गावात वाघजाईची राई होती. इतकी दाट, की भर दुपारी आत दिवा घेऊन जावं लागे, असं म्हणतात. पण कुणी घरासाठी एक झाड नेलं, कुणी कोळशासाठी दहा नेली, आणि बघता बघता राईत एकच म्हातारा बेहडा उरला. झरा आटला. गाव म्हणालं, देवी कोपली, तिला देऊळ बांधू. आणि देवळाच्या तुळईसाठी तोच बेहडा तोडायचं ठरलं!

चैत्रात रावजी मानकरी कुऱ्हाड आणि चार माणसं घेऊन आला. बुंध्याला टेकून गावची सुईण ठकूबाई झोरे बसली होती.

"ऊठ, ठकूआये."

"आत बाळंतीण आहे," ती म्हणाली.

तिनं वर बोट दाखवलं. धनेश पाखराची मादी ढोलीत शिरून, दार लिंपून बसली होती. फटीतून नुसती चोच दिसत होती आणि नर तिला फळं भरवत होता.

माणसं हसली. "आता पाखरांचीही बाळंतपणं करणार?"

"करीन की! रावजी, तुला ओढून काढला तेव्हा तूही पाखराएवढाच होतास. ओरडत मात्र जास्त होतास."

बाळंतिणीला घराबाहेर काढायचं पाप कोण घेणार? रावजी म्हणाला, "पिल्लू उडेपर्यंत थांबतो. मग मात्र तोडणार."

ठकूबाई तिथंच राहिली. नर लांबलांबच्या रानांतून रानजायफळं, उंबरं, धुपाची फळं आणी आणि बिया खाली पडत. ती त्या वेचून उजाड राईत पुरी, नदीवरून हंडे आणून शिंपी. तिच्या हातची एकही बी वाया गेली नाही, असं म्हणतात.

पिल्लू उडालं, रावजी आला आणि थबकला. बेहड्याभोवती हजारो कोंब वर आले होते.

"आये, उभा कुठं राहू?"

"उभा राहू नकोस. बस, आणि ही बी पूर."

रावजी बसला. मग सारं गाव बसलं. बारा वर्षांत राई आभाळाला टेकली आणि झरा असा फुटला, की गावच्या कुऱ्हाडी वाहून गेल्या, असं म्हणतात.

आजही धनेशाची मादी ढोलीत शिरली की पानेखोलात दवंडी पिटतात, "लेक माहेरी आली!" पिल्लू उडेपर्यंत गावात लाकडावर घाव पडत नाही. ठकूबाईच्या नावानं सुना झाडाखाली बाळंतविडा ठेवतात. यंदा राईत सत्तावीस ढोल्या लिंपल्या गेल्या. विडे पुरेनात, शेजारच्या गावांतून मागवावे लागले.