खेकडा, छत्री आणि उघडं राहिलेलं दार

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा खाडीवर एकही पूल नव्हता आणि दिवस मोजायला माणसं चंद्राकडे बघत.

त्या खाडीकाठी एक गाव होतं. गावाची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली होती. शेत आणि खाडी यांच्यामध्ये एक लांबलचक मातीचा बांध होता आणि बांधात एक जाड लाकडी दार होतं. त्या दाराला गावात उघाडी म्हणत. ओहोटीला दोर ओढून दार वर उचलायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरती चढायच्या आत ते खाली सोडायचं, म्हणजे खारं पाणी बाहेर राही. काम एवढंच होतं. पण ते एकदा जरी चुकलं, तरी सगळ्या गावाचं भात करपून जाई आणि मातीतलं मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागत.

उघाडीला एक राखणदार होता. त्याच्या आधी त्याचा बाप हेच काम करायचा, आणि बापाच्या आधी आजा. राखणदाराशिवाय दोराला कोणी हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाजच होता.

भरती रोज एकाच वेळी येत नाही. आज आली त्यापेक्षा उद्या दोन घटका उशिरा येते, परवा आणखी दोन घटका उशिरा. म्हणून राखणदाराच्या घरात दोन करवंट्या होत्या आणि तीस खडे होते. रोज सकाळी एका करवंटीतला एक खडा दुसरीत टाकायचा. अवसेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पंधरा खडे झाले की पुनव, म्हणजे उधाणाचे दिवस. आज दार कधी सोडायचं हे त्याला खडे सांगत, आणि खडे बरोबर आहेत की नाही हे चंद्र सांगे.

गावापासून घटकाभर चाललं की तरीचा, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीचा, धक्का लागे. तिथे एक धर्मशाळा होती. तरीची वाट बघत प्रवासी तिथे चूल मांडत, भात शिजवत आणि निघून जात. मागे कोळसे उरत. धर्मशाळेची लांब पांढरी भिंत समोरच होती. रिकामा बसलेला माणूस, हाताशी कोळसा आणि समोर कोरी भिंत, मग काय होणार? लोक भिंतीवर लिहीत. राजाचं काय चुकतं, कोणता देव मोठा, कुठल्या गावची माणसं वाईट, वाटेल ते लिहीत. नाव कोणी घालत नसे. प्रत्येक जण खाली एखादं चित्र काढी, मासा किंवा पणती किंवा बैल. एकाने लिहावं, तरीत बसून जावं. दुसऱ्याने यावं, वाचावं, चिडावं आणि खाली उत्तर लिहावं.

एके दिवशी राखणदार दोरासाठी काथ्या आणायला धक्क्यावर गेला. परतताना त्याने सहज भिंतीकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘गावकऱ्यांच्या भरवशावर बांध टिकत नाहीत. राजाने प्रत्येक बांधावर शिपाई बसवावा.’ खाली एक छत्री काढलेली होती.

राखणदाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘गावकऱ्यांच्या भरवशावर’ म्हणजे कोणाच्या? माझ्याच की!

त्याने कोळसा उचलला आणि लिहिलं, ‘बांध गाव आपल्या हातांनी राखतं. शिपायाला भरती कळते का?’ पायाशी एक खेकडा चालला होता, म्हणून त्याने खाली खेकडा काढला.

घरी आला तेव्हा काथ्या तिथेच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी काथ्या आणायला म्हणून तो गेला आणि आधी भिंतीपाशी थांबला. उत्तर आलं होतं. ‘खेकड्याला बिळाएवढंच जग कळतं.’ खाली छत्री.

राखणदाराने लगेच लिहिलं, ‘छत्रीवाल्या, सारखी छत्री धरून आभाळ दिसायचं बंद झालंय तुला.’

बाजूला बसलेले दोन प्रवासी मोठ्याने हसले. “खेकड्याने नांगी मारली हो!” एक म्हणाला. घरी जाताना वाटभर राखणदाराची पावलं हलकी पडत होती.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. कधी दोनदाही. छत्रीही रोज काहीतरी लिही. एकदा लिहिलं होतं, ‘बांध देवी राखते. जिथे भक्ती नाही तिथे पाणी शिरतं.’

“काल राजा म्हणत होता, आज देवी म्हणतो! दुतोंडी मेला!” राखणदार पुटपुटला, आणि त्याने लिहिलं, ‘मग देवीलाच सांग, उद्या दोर ओढायला ये म्हणून.’ कालचं अक्षर बारीक होतं आणि आजचं ठसठशीत, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तो फक्त छत्री बघत होता.

मग भांडण बांधावर राहिलं नाही. खाडीकाठची माणसं आळशी, त्यांची लग्नं अशी, त्यांचं जेवण तसं, असं काहीबाही येत गेलं. राखणदार एकेकाचं उत्तर देत गेला. उत्तर लिहून घरी निघाला, की अर्ध्या वाटेत त्याला आणखी चांगलं उत्तर सुचे आणि तो तसाच मागे फिरे. अंघोळ करताना त्याचे ओठ हलत. नखांत कोळसा बसला होता, तो निघत नव्हता.

“अहो, तीनदा हाक मारली,” बायको म्हणाली. “पेज निवून गेली.”

“तो काय म्हणाला, माहीत आहे का तुला?”

“कोण तो?”

“छत्रीवाला.”

“कुठल्या गावचा?”

“ते कुठे माहीत आहे!”

“मग तो काही का म्हणेना! आपल्या दोराचा पीळ सुटलाय. तो बघा आधी.”

“बघतो गं,” तो म्हणाला, आणि पेज तशीच ठेवून उठला. काथ्या कोपऱ्यात पडून होता.

अशा घाईघाईत एक दिवस तो धक्क्यावरून आला आणि करवंटीपाशी थबकला. आज खडा टाकला की नाही? सकाळचं काही आठवेना. सकाळी तर तो मनातल्या मनात छत्रीला उत्तर देत होता. टाकला नसेल, असं म्हणून त्याने एक खडा टाकला. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. पुन्हा एक खडा टाकला.

पूर्वी अशी शंका आली की तो अंगणात येऊन वर बघायचा. आता वर बघायचं त्याला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भरती त्याच्या हिशोबाआधीच दाराशी येऊन ठेपली. धावत जाऊन त्याने कसंबसं दार सोडलं. “वाऱ्याने पाणी लवकर आलं,” असं त्याने स्वतःलाच सांगितलं. वारा तर त्या दिवशी पडलेला होता.

ते दिवस भात निसवायचे होते. लोंब्या नुकत्याच बाहेर येत होत्या. आठवडाभर पाऊस पडून शेतं तुडुंब झाली होती, म्हणून त्या सकाळी उजाडतानाच राखणदाराने दार पुरतं वर ओढलं. पाणी खळाळत बाहेर निघालं.

बायको बांधावर उभी होती. पश्चिमेकडे बोट दाखवून ती म्हणाली, “अहो, चंद्र बघा. अजून मावळला नाही. आज पुनव तर नाही ना?”

“करवंटीत सतरा खडे आहेत. पुनव होऊन दोन दिवस झाले.”

“पण किती गोल दिसतोय.”

“पुनवेनंतर दोन दिवस गोलच दिसतो. अजून पुष्कळ वेळ आहे. मी धक्क्यावर जाऊन येतो.”

“आज नका जाऊ.”

“हा गेलो नि हा आलो.”

त्याला जायलाच हवं होतं. असं एक उत्तर त्याला सुचलं होतं की ते वाचून छत्रीला पुन्हा कोळसा उचलावासाच वाटला नसता.

भिंतीवर आता जागा उरली नव्हती. त्याने ओट्यावर चढून अगदी वर लिहायला सुरुवात केली. राजा, देवी, गाव, सगळ्याचा समाचार घेतला. तरीची वाट बघणारे लोक माना वर करून वाचू लागले. “वा!” कोणीतरी म्हणालं. त्याने आणखी चार ओळी वाढवल्या. सूर्य ताडाच्या शेंड्यावर आला, तेव्हा त्याने शेवटची ओळ लिहिली, ‘ज्याला आपलं दार राखता येत नाही, त्यानेच शिपायाची वाट बघावी.’ खाली भलामोठा खेकडा काढला.

तेवढ्यात धर्मशाळा सांभाळणारी म्हातारी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आली.

“सरक रे लेकरा. भिंतीला चुना द्यायचा आहे.”

“आज? आजी, जरा थांब की! आत्ताच लिहिलंय. त्याला वाचू तरी दे.”

“मी कोणासाठी थांबत नाही. दर पुनवेला या भिंतीचं पोट साफ करावं लागतं, नाहीतर फुगून फुटेल.”

“पुनव परवाच झाली, आजी.”

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “परवा? चाळीस वर्षं मी चुना कालवतेय. पुनव आज आहे. खाली बघ, पाणी कुठवर आलंय.”

राखणदाराने वळून पाहिलं. सकाळी चिखलात रुतलेली होडी पाण्यावर डुलत होती. धक्क्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या.

तो पळत सुटला. मागे ओला कुंचा भिंतीवरून फिरला आणि शेवटची ओळ सगळ्यात आधी गेली.

बांधाशी पोचेपर्यंत त्याला श्वास पुरेना. पाणी दारातून आत घुसत होतं, सकाळी बाहेर जात होतं त्याच्या दुप्पट जोराने. बायकोने रिवाज मोडून दोर धरला होता. दोराची गाठ तिने सोडली होती, पण पाण्याच्या दाबाने दार खोबणीत अडकलं होतं. ती एकटी दोराला हिसके देत ते मोकळं करायला बघत होती. पीळ सुटलेला काथ्या तिच्या हातांत शिरला होता.

“कुठे होतात तुम्ही?” एवढंच ती म्हणाली.

गाव गोळा झालं. दहा जणांनी दारावर भार टाकला, तेव्हा ते खाली बसलं. पण आत लोंब्यांच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं. एकाने ते ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. आठ दिवसांत सगळं शिवार पिवळं पडलं.

गाव चावडीत बसलं. सगळ्यात वृद्ध माणसाने विचारलं, “का रे, कुठे गेला होतास?”

“धक्क्यावर. एक जण म्हणत होता, आपल्याला बांध राखता येत नाही. त्याला उत्तर द्यायला.”

“दिलंस?”

राखणदार उठून घरी गेला आणि दोन्ही करवंट्या आणून त्याने चावडीत ठेवल्या.

त्या दिवसापासून दोर त्याच्या बायकोकडे गेला आणि दोन्ही करवंट्याही तिच्याकडे गेल्या. त्याच्याकडे काम आलं शेतांतून खारं पाणी उपसायचं. पुढे ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजा म्हणाला, “गावकऱ्यांच्या भरवशावर बांध टिकत नाहीत,” आणि त्याने एक शिपाई पाठवला. शिपाई भाला घेऊन बांधावर बसला आणि पहिल्याच दिवशी त्याने राखणदाराला विचारलं, “काय हो, ही भरती कधी येते?”

राखणदाराने त्याला सगळं शिकवलं. खडे, चंद्र, दोन घटका.

पुढच्या पावसाळ्यात काथ्या आणायला तो धक्क्यावर गेला. भिंत पुन्हा काळी झाली होती. त्याने म्हातारीला विचारलं, “आजी, तो छत्रीवाला अजून येतो का?”

“कुठला छत्रीवाला? मला वाचता येत नाही, पण माणसं दिसतात. पहिली छत्री काढली एका म्हाताऱ्या गाडीवानाने. त्याच संध्याकाळी तो तरीत बसला, तो काही परत आला नाही.”

“पण मग रोज कोण लिहायचं?”

“ज्याची होडी चुकली तो. बसायचा कंटाळा आला की कोळसा उचलायचा, नि आधीच्या छत्रीसारखी छत्री काढायचा. होडी आली की विसरून जायचा. रोज परत यायचास तो तू एकटाच.”

समोर भिंतीवर कोणीतरी लिहिलं होतं, ‘खाडीकाठच्या लोकांना आपलं दारसुद्धा राखता येत नाही.’ खाली छत्री होती. पायाशी कोळसा पडला होता. त्याने तो उचलला. बोटं शिवशिवली. मग त्याने वर आभाळात पाहिलं. दिवसाउजेडी फिकट चंद्राची कोर दिसत होती. भरतीला दोन घटका उरल्या होत्या आणि दोर अजून वळायचा होता. त्याने कोळसा चुलीत टाकला, काथ्याचं ओझं डोक्यावर घेतलं आणि तो घराकडे चालू लागला.

बोध असा: ज्याचं नावगावही आपल्याला ठाऊक नाही, त्याला हरवायच्या नादात आपल्या राखणीतलं दार उघडं टाकू नये.