साळुंकीची चंदी

“मग हिला आणखी काय घालू?” दर्याजीनं तिसऱ्यांदा विचारलं.

फकीर निहालशा घोडीच्या पोटाला कान लावून उभा होता.

दर्याजी सरदारांच्या पागेचा मुख्य. तीस घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, त्याच्या शब्दावर शिजायची. साळुंकी ही घोडी तर त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. तिला दोन्ही वेळा भिजवलेला हरभरा, वर गूळ आणि तूप. अशी चंदी दहा गावांत कुणी घालत नाही, हे त्यानं आल्याआल्याच फकिराला सांगून टाकलं होतं.

तरी महिन्यात तीनदा साळुंकी पोटशुळानं जमिनीवर लोळली होती. आदल्या पावसाळ्यात पागेतला एक तरणा घोडा असाच लोळता लोळता गेला. त्या दिवसापासून दर्याजीला नीट झोप नव्हती. म्हणून तो नदीकाठच्या या माळावर आला होता. निहालशाची स्वतःची घोडी तेवीस वर्षांची होती आणि अजून चढ चढत होती, असं लोक सांगत.

निहालशानं कान काढला.

“चंदी खाऊन झाली की काय करते?”

“काय करणार? उभी असते.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“कुठं बघत?”

दर्याजीला पागेतली तिची जागा आठवली.

“भिंतीकडे,” तो हळूच म्हणाला.

निहालशानं घोडीच्या गळ्यातला दोर उलगडून लांब केला आणि त्याचं टोक दर्याजीच्या हातात दिलं.

“ती जाईल तिकडे जा. ओढू नकोस.”

साळुंकी माळावर निघाली. चार पावलं टाकायची, घासभर गवत तोडायची, सावकाश चावायची. पुन्हा चार पावलं. दर्याजीला तो वेळकाढूपणा सोसेना. ओढ्याकाठी हिरवं लुसलुशीत गवत दिसलं, तसा त्यानं दोर ओढला. घोडीनं मान ताठ केली. लांबून निहालशा बघत होता. दर्याजीनं दोर सैल सोडला, आणि ती वाळक्या गवताकडे वळली.

दुपार झाली. ती नदीवर जाऊन पाणी प्यायली आणि परत चरायला लागली. संध्याकाळी दर्याजीनं घोडीच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात हरभरा भरायला घेतला. निहालशानं नुसता त्यावर हात ठेवला.

दुसरा दिवस तसाच गेला. दर्याजीच्या पायांना फोड आले. पण ती कान कधी पाडते, कुठलं गवत नाकानं बाजूला सारते, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. दहा वर्षं तिला वाढवून दिसलं नव्हतं, याची त्याला मनातून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीनं मऊ, गोळ्यागोळ्यांची लीद टाकली. मग अंग झाडलं, फुरफुरली आणि माळभर दौडत सुटली. दोर दर्याजीच्या हातातून कधीच निसटला होता. तो तिथंच बसला. डोळे पुसले.

मग तो म्हणाला, “बाबा, तीन दिवस मी हिला काहीच घातलं नाही...”

निहालशा दौडणाऱ्या घोडीकडे बघत होता.

“तीनच दिवस तू तिला खाऊ घातलंस.”